उजव्या बाजूचे नट

नट हलला.

सुनेने टॉर्क पान्याची दांडी सोडली, पाना नीट बसलाय का ते पाहिलं आणि पुन्हा ओढली. नट आणखी थोडा फिरला, आणि मग कुठे ठरलेला ताण भरल्याची खूण म्हणून पान्यातून टक् असा आवाज आला. गाडीच्या डाव्या बाजूला दोन चाकं तपासून झाली होती. तिथे पाना लावून दांडी ओढली की लगेच टक्, आणि नट जागच्या जागी. फेरतपासणीत असंच व्हायला हवं असतं. तिने दुसऱ्या नटाला पाना लावला. तोही हलला.

चाकांच्या या दुकानाचा एक नियम होता. नवी चाकं बसवून गेलेली गाडी शंभर किलोमीटर चालवून परत आणायची आणि एकेक नट पुन्हा तपासून घ्यायचा. नियम सासऱ्यांनी घातला होता, तीस वर्षांपूर्वी, दुकानात एकच जॅक होता तेव्हा. जे गिऱ्हाईक येत नसे त्याला ते स्वतः फोन करून बोलवत आणि तरी नाही आलं तर पुढच्या वेळी त्याच्या गाडीला हात लावत नसत. अलीकडे दोनेक वर्षं हे फोन सून करत होती. फोनवर गोड बोलणं आपल्याला जमत नाही, असं ते म्हणत, आणि ते खरंच होतं, म्हणून तिनेही जास्त विचार केला नव्हता.

गाडी दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. विजेवर चालणारी, उंच, पोटात अख्खी बॅटरी घेतलेली, वजन पावणेतीन टन. कंपनीने दिलेली चाकं दिसायला देखणी, पण टायर नावालाच होतं. दोन महिन्यांत दोन खड्ड्यांनी दोन चाकं वाकडी केली. तेव्हा बाईंनी भावाकडून त्याच्या जुन्या दणकट गाडीची चाकं आणली, आकाराने लहान आणि जाड टायरची. त्यांची भोकं या गाडीच्या बोल्टांशी जुळत नव्हती. म्हणून मध्ये अडॅप्टर बसवावे लागले. अडॅप्टर म्हणजे इंचभर जाडीची धातूची तबकडी. आधी ती गाडीला कसायची, मग तिच्यावर चाक कसायचं. नटांचे दोन थर होतात, आणि एकदा चाक चढलं की आतला थर कुणालाच दिसत नाही.

सासऱ्यांनी हे काम घेण्याआधी तीन दिवस लावले होते. चाकाच्या आतल्या बाजूला कोरलेला भाराचा आकडा भिंगातून वाचला. अडॅप्टर दोनदा परत पाठवले, कारण मधलं भोक केसभर मोठं होतं. डॉक्टरीणबाई वैतागल्या तेव्हा ते म्हणाले होते की बाई, तुम्ही कुणाच्या तोंडात दुसऱ्याची कवळी बसवता का. बाई हसल्या आणि थांबायला तयार झाल्या. गल्लीत त्यांना चाककाका म्हणत ते उगाच नव्हे.

काम दोघांनी मिळून केलं. उजवी बाजू त्यांची, डावी तिची, हे ती पहिल्यांदा पान्याला हात लावू लागली तेव्हापासूनच ठरलेलं. सहा वर्षांपूर्वी ती महिनाभर गल्ल्यावर बसायला म्हणून आली होती. नवरा विमा कंपनीत. ग्रीसचा वास आला तरी त्याचं तोंड वाकडं व्हायचं. बाप आणि मुलगा या दुकानावरून किती वर्षं भांडत होते कुणास ठाऊक, पण सून आली, टायरचे आकडे पाठ करू लागली, आणि ते भांडण आपोआप मिटलं. कसून झालेल्या नटावर रंगाची रेघ मारायची पद्धत होती. सासऱ्यांची पांढरी, तिची पिवळी. रेघ मारली म्हणजे शब्द दिला, असं ते म्हणत.

तिच्यासमोरच्या पाचही नटांवर पांढऱ्या रेघा होत्या.

तिने बाहेरचे पाच नट उतरवले, चाक बाजूला काढलं आणि आतला अडॅप्टर उघडा केला. तिथेही पाच पांढऱ्या रेघा, सरळ आणि एकाच जाडीच्या. या गाडीचे नट कसायचा कंपनीने सांगितलेला आकडा होता एकशे नव्वद. तिने पान्यावरचा आकडा उतरवून एकशे दहावर आणला आणि दांडी ओढली. टक्. नट हलला नाही. एकशे वीसवर नेला. नट हलला. दुसऱ्या नटाला तेच, तिसऱ्यालाही तेच. ती पुढच्या उजव्या चाकाकडे गेली, ते उतरवलं, तिथेही तेच. तपासलेला प्रत्येक नट एकशे दहाला येऊन थांबलेला होता, एकही कमी नाही की जास्त नाही.

एखादा नट ढिला निघाला असता तर ती म्हणाली असती, राहिला असेल चुकून. चार वेगवेगळे निघाले असते तर म्हणाली असती, वय झालं, हात थकला. पण हे हलगर्जीपणाचं काम नव्हतंच. ज्याने हे केलं त्याने प्रत्येक नट अगदी काटेकोर कसला होता, फक्त दुसऱ्याच गाडीच्या मापाने.

एकशे दहा हा साध्या गाडीचा आकडा. दुकानात तीस वर्षं येत होत्या त्या गाड्यांचा.

तिने पाना फरशीवर ठेवला. सासरे दुकानाच्या मागच्या बाजूला टायर काढायच्या यंत्रापाशी पाठमोरे उभे होते. तिने हाक मारली नाही. तिच्या लक्षात आलं की त्यांना हाक मारणं तिने केव्हाच सोडून दिलेलं आहे. काही सांगायचं असलं की ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहायची नाही तर बाहीला हात लावायची. कॉम्प्रेसरचा आवाज असतो, म्हणून सवय लागली, असं ती समजत होती. घरी तर काही प्रश्नच नव्हता. सासूबाई सांगायच्या की यांनी लग्न झाल्यापासून कुणाचं काही ऐकलेलं नाही, आणि सगळे हसायचे, सासरेही हसायचे. ज्या माणसाला ऐकायची सवयच नव्हती त्याला ऐकू येईनासं झालं तर घरात कुणाला कसं कळणार होतं.

आणि हात. तीस वर्षं हवेची गन धरून बोटं बधिर झाली होती, हे सगळ्यांनाच माहीत होतं. थंडीत त्यांच्या शर्टाची बटणं सासूबाई लावून द्यायच्या, आणि या वयात काय हे लाड म्हणून सून नवऱ्याला डोळ्याने खुणवायची. टॉर्क पाना आकड्याला पोचला की टक् वाजतो आणि दांडी हातात किंचित झटका देते. कानाला कळलं नाही तर हाताला कळतं. त्यांना दोन्हीकडून कळत नव्हतं. किती वर्षं कळत नव्हतं देव जाणे. ते आपले ओढत होते आणि खांदा जिथे पुरे म्हणेल तिथे थांबून मान हलवत होते. साध्या गाड्यांना तो खांदा पान्याइतकाच खरा होता, त्यामुळे कधीच काही बिघडलं नाही. फेरतपासणीत त्यांचे नट हललेले तिने कधी पाहिले नव्हते. एवढी जड गाडी दुकानात पहिल्यांदाच आली होती.

सुनेला भीती वाटली. आधी गाडीची, आणि लगेच मग त्यांची. या माणसाकडे दुसरं काही नव्हतं. पत्ते नाहीत, मित्र नाहीत, टीव्हीसमोर ते दहा मिनिटांत झोपायचे. गल्लीतल्या कुणालाही विचारा, चाककाकांचा नट म्हणजे विषय संपला. डॉक्टरीणबाईंचं ऐकून तसल्याच आणखी दोन जड गाड्या पुढच्या मंगळवारी येणार होत्या. हे ठरलं त्या दिवशी घरी जाताना ते जरा ताठ चालले होते, हेही तिने पाहिलं होतं.

गप्प कसून टाकावं आणि पुढे दर वेळी त्यांच्या मागे जाऊन पुन्हा कसत राहावं, असं तिला वाटून गेलं. आतल्या थराचं कुणाला कळलं असतं. पण चाक चढवायच्या आधी ते स्वतः शेवटची नजर टाकत. त्यांच्या नजरेतून काही सुटलं असतं असं तिला वाटत नव्हतं.

डॉक्टरीणबाई काउंटरजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. दुपारी त्यांना जुळ्या मुलींना घेऊन पोहण्याच्या स्पर्धेसाठी तीनशे किलोमीटर लांब जायचं होतं. मघापासून त्यांचं मोबाइलमध्ये लक्ष आहे असं सुनेला वाटत होतं, ते तसं नव्हतं. त्या उठून जवळ आल्या आणि उघड्या अडॅप्टरकडे वाकून पाहू लागल्या. दाढेकडे पाहतात तसंच, मान तिरकी करून. त्यांच्याकडेही असाच एक पाना आहे, असं त्यांनी सांगितलं, बोटाएवढा. दाताचा स्क्रू हाडात बसवताना तोही असाच वाजतो.

"त्या बाजूला लगेच वाजत होतं," त्या म्हणाल्या. "या बाजूला आधी फिरतंय."

सुनेने सांगितलं की नवे नट थोडे बसतात, फेरतपासणी त्यासाठीच असते. बाईंनी ते ऐकून घेतलं. मग विचारलं की बसतात तर दोन्हीकडचे बसायला हवेत ना.

सुनेने मागे वळून पाहिलं. मागे टायरचं यंत्र थांबलं होतं आणि सासरे हात पुसत इकडे बघत होते.

"ही बाजू मी कसली होती," सून म्हणाली. "माझं चुकलं."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. दात न घासणाऱ्या पेशंटशी बोलावं तशा शांतपणे त्यांनी विचारलं की हे चाक रस्त्यात निघालं असतं का. सून म्हणाली, निघालं नसतं, पण आणखी हजारेक किलोमीटरनंतर सांगता आलं नसतं. ते खरं होतं. बाईंनी घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"राग मानू नकोस. तू मेहनती आहेस, दिसतं ते. पण आता काकांनाच कसू दे. मागे मुली बसणार आहेत माझ्या."

आपण काय करून बसलो ते तिला त्या क्षणी कळलं. ज्यांना वाचवायला ती खोटं बोलली होती त्यांच्याच हातात ते खोटं पुन्हा पाना देत होतं. आता तेच कसणार, पुन्हा एकशे दहाला थांबणार, मान हलवणार, आणि गाडी मुलींना घेऊन जाणार. ती काही बोलणार तोच बाई सासऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हातवारे करत सांगू लागल्या. उजव्या बाजूचे नट ढिले निघाले. तुमच्या सुनेने कसले होते, तीच म्हणते. पोरगी आहे, होतं असं, पण तुम्ही एकदा स्वतःच्या हाताने करून द्या. सासरे त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होते. मध्येच त्यांनी सुनेकडे पाहिलं.

ते आले आणि मागच्या चाकाच्या अडॅप्टरसमोर लाकडी फळीवर बसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. पाचही पांढऱ्या रेघा त्यांच्या नाकासमोर होत्या. सुनेने फिरवून पाहिलेल्या तीन नटांवरच्या रेघा मध्येच तुटून दोन तुकडे झाल्या होत्या, आणि तिन्हींचे तुकडे सारख्याच अंतराने सरकले होते. त्यांनी अंगठ्याने एक रेघ चोळून पाहिली. पोरगी आहे, होतं असं, हे डॉक्टरीणबाईंचं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं होतं की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"पहार धर," ते म्हणाले.

चाक जमिनीवर टेकलेलं नसलं की नट कसताना अडॅप्टरही फिरू पाहतो. म्हणून त्याच्या बोल्टांमध्ये लोखंडी पहार अडकवून कुणीतरी ती दाबून धरायची. सून पलीकडे गुडघ्यावर बसली आणि तिने पहार धरली. दोघांचे चेहरे हातभर अंतरावर होते. इतक्या जवळून तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कानाच्या पाळीवर केस उगवले होते, आणि दाढी करताना जबड्याखाली एक जागा राहून गेली होती.

तिने मनाशी ठरवलं. पहिल्या नटाला ते थांबले, मान हलवली आणि पाना दुसऱ्या नटाकडे नेला, की बाईंसमोर सगळं सांगून टाकायचं. मग पुढे घरात काय व्हायचं ते होवो. सासूबाई तिच्याशी महिनाभर बोलल्या नसत्या, नवरा म्हणाला असता मी सांगत होतोच, दुकान बंद करा, आणि ते काहीच म्हणाले नसते. हे शेवटचंच तिला सगळ्यात जड वाटत होतं.

त्यांनी पान्यावर आकडा लावला, एकशे नव्वद, उजेडाकडे धरून दोनदा वाचला. सॉकेट नटावर बसवलं. दांडी दोन्ही हातांनी धरून अंगाकडे ओढली. दांडी ताणली गेली, आणि एका जागी खांदा थांबला. सुनेला तो थांबलेला दिसला. सहा वर्षं ती तो तसाच थांबताना बघत आली होती आणि त्याबरोबर पाना वाजतो हे तिने धरूनच चाललं होतं. आता वाजलं नव्हतं.

मान हलली नाही. पाना नटावरच राहिला. त्यांनी डोळे वर केले आणि तिच्याकडे पाहिलं.

"वाजलं का?"

त्यांना वाटलं असावं की आपण हळू विचारलं. पण आपला आवाज आता त्यांना कुठे नीट ऐकू येत होता. प्रश्न दुकानभर गेला. खुर्चीत परत जाऊन बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. त्यांनी आधी सासऱ्यांकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग सुनेच्या हातातल्या पहारीकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरत गेलं. त्या उठल्या. सुनेला वाटलं, आता या गाडी घेऊन जाणार. बाईंनी काउंटरवरचा रेडिओ बंद केला, दाराशी जाऊन रस्त्याकडचं अर्धं शटर खाली ओढलं आणि पुन्हा आपल्या जागी येऊन मांडीवर हात ठेवून बसल्या. दुकानात एकदम शांतता झाली.

सुनेने मान नकारार्थी हलवली.

ते पुन्हा ओढू लागले. खांदा थांबला होता त्याच्या पुढे जायला त्याला कष्ट पडत होते. मानेच्या शिरा वर आल्या, फळी फरशीवर करकरली. पहारीतून तो ताण तिच्या मनगटापर्यंत येत होता. नट पाव फेरा फिरला असेल, आणि टक् झालं. पहार तिच्या हातात किंचित उडाली. ते अजून ओढायच्या बेतात होते.

तिने घाईघाईने मान डोलावली. ते थांबले.

दुसरा नट. तिसरा. आता ते नटाकडे बघतच नव्हते. पाना बोटांनी चाचपून बसवायचे, दांडी धरायचे आणि तिच्या तोंडाकडे बघत ओढायचे. एवढा वेळ तिच्या तोंडाकडे तिचा नवराही कधी बघत बसला नव्हता, असा एक भलताच विचार तिच्या मनात आला आणि तिला हसू आवरलं नाही. ते हसणं बघून ते मध्येच ढिले पडले, वाजलं समजून. तिने मान जोराने हलवली, नाही, आणि त्यांनी पुन्हा दांडी धरली. कपाळावरचा घाम त्यांच्या चष्म्यावर आला होता. पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तिने एका हाताने पहार सांभाळत दुसऱ्या हाताने तो चष्मा काढला, ओढणीला पुसला आणि परत त्यांच्या नाकावर बसवला. चष्मा बसला तसे ते पुन्हा तिच्याकडे बघायला लागले.

पाचव्या नटाला तिचे डोळे भरून आले. समोरचं सगळं धूसर झालं, पाना, हात, त्यांचा चेहरा. पान्याने टक् केलं, तिने ऐकलं, डॉक्टरीणबाईंनीही ऐकलं. पण मान डोलवायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही. आणि ते दांडी तशीच ताणून धरून, तिने सांगायची वाट बघत राहिले.